पोथीच्या बासनातला उंट

पेडगावात पोथी वाचावी तर भीमाशंकर आप्पांनीच, असं भीमाशंकर आप्पांचं स्वतःचं ठाम मत होतं! "चाळीस वर्सं झाली, एक अक्षर चुकलो न्हाई," असं ते श्रावणात रोज कुणाला तरी धरून सांगायचे. सोमवारी तर देवळात भर बायकांत आणखी एक फुशारकी मारून बसले. "आजकालची लेकरं उडत्या जनावरांची पुस्तकं वाचायलेत. आमच्या नातीनं सात भाग जमवले होते. सगळे मानवतच्या रद्दीवाल्याला देऊन टाकले! आमच्या घरात असलं थोतांड चालत न्हाई!"

नात रुद्राणी मागं बसून ऐकत होती. तिच्याकडं आठवं पुस्तक शिल्लक होतं. त्या सात भागांत ढोम्या नावाचा एक उडता उंट होता. तो पोरांना इतका आवडला, की लेखकानं त्याच्या एकट्याच्या नावावर वेगळी कादंबरीच काढली. ती आज्जाच्या हाती लागू नये म्हणून रुद्राणीनं घरातली सगळ्यात सुरक्षित जागा शोधली. पोथीचं लाल बासन! पोथी काढून देवघरातल्या पाटाखाली ठेवली आणि त्या लाल फडक्यात कादंबरी बांधली. सकाळी परत बदलायची, असा बेत. पण मंगळवारी शाळेला उशीर झाला अन् बाईसाहेब विसरून गेल्या.

दुपारी देवळात पन्नास बाया बसलेल्या. पहिल्या रांगेत सिद्धम्मा, जिला पोथी तोंडपाठ. आप्पांनी बासन सोडलं, अन् पायाखालची वाळूच सरकली! पुस्तकावर उंट! पंखवाला! अन् पंखही एकच!

खरं सांगावं, तर कालच्या फुशारकीचं काय? अख्ख्या गावात नाक कापलं जाणार! आप्पांनी फडकं पुस्तकाभोवती आवळून धरलं, घसा खाकरला आणि पोथीच्या चालीवर सुरू केलं, "ऐका हो भाविकजन... ढोम्या उंट एकटाच... वाळवंटी रडतसेऽऽ!"

"उंट?" सिद्धम्मानं मान वर केली.

"महादेवाचा गण हाय तो!" आप्पांनी ठोकून दिलं.

पुढं चेटकिणीची राक्षसीण केली, जादूच्या छडीचा त्रिशूळ केला. घाम पुसत पुसत तीन प्रकरणं हाणली. अन् काय नवल! एरवी वाती वळता वळता डुलक्या घेणाऱ्या बाया सरसावून बसल्या. राक्षसिणीनं ढोम्याला विहिरीत ढकललं, तेव्हा तर बायनाबाईनं पदर डोळ्याला लावला.

"पर आप्पा, त्या बिचाऱ्याचा दुसरा पंख कापला कुणी?" तिनं विचारलं.

आप्पांनी भराभर पानं चाळली. पुस्तकात लिहिलं होतं, 'ती हकिगत तुम्ही तिसऱ्या भागात वाचलीच आहे.'

"ते... ते उद्या!" म्हणत आप्पांनी आरतीच उरकून टाकली.

घरी रुद्राणी दाराआड लपून उभी. आता लय मार बसणार! आप्पा जवळ आले. इकडंतिकडं बघितलं. हळूच म्हणाले, "रुद्री, त्या उंटाचा पंख कुणी कापला गं?"

"तिसऱ्या भागात हाय, आज्जा. तुमीच दिला की रद्दीत!"

बुधवारी पहिल्या एसटीनं आप्पा मानवतला. रद्दीच्या ढिगात कमरेपर्यंत बुडून दोन तास उकरत होते. सहा भाग सापडले, तिसरा काही सापडेना! शेवटी रद्दीवाला म्हणाला, "आप्पा, ते मी वाचायलोय. धाच पानं राहिलीत, थांबा की!"

आप्पा थांबले. करता काय! पुस्तक हातात पडलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला. येताना वाचण्याच्या नादात पेडगाव मागं गेलं अन् ते परभणीला उतरले, ते वेगळंच.

रुद्राणीनं पाटाखालून काढून दिलेली पोथी अन् तिसरा भाग आप्पांनी एकाच बासनात बांधले. दुपारी देवळात ते ऐटीत बासन सोडू लागले, तोच सिद्धम्मानं हात वर केला. "आप्पा, आधी महादेवाची पोथी वाचा. उंटाचं मागून."

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे... तुमाला कळलं होतं?"

"चाळीस वर्सं ऐकायलेय मी. पोथीत उंट कुठून येईल?"

"मग काल बोलला का न्हाईत?"

"काय बोलू? चाळीस वर्सांत काल पयल्यांदाच तुमी न अडखळता वाचलं!"

बाया खो-खो हसल्या. आप्पाही हसले. एवढ्यावरच सुटलो रे महादेवा, म्हणत त्यांनी खरी पोथी उघडली, अन् पहिल्याच ओवीला अडखळले!