एक रुपया खाली

पुण्याहून परतल्यावर पिशवी खाली ठेवायच्या आधीच ईश्वरीने लॉजच्या काउंटरवरचा कॉम्प्युटर उघडला. जाहिरातीसाठी भरलेले तीन हजार रुपये चार दिवसांत संपले होते. दहा क्लिक. फोन एकही नाही.

अंबाजोगाईच्या स्टँडमागे चन्नप्पांचा सहा खोल्यांचा लॉज होता. लोक योगेश्वरीच्या दर्शनाला येत आणि इथे उतरत ते चन्नप्पांच्या पत्नी नीलाबाईंच्या हातच्या जेवणासाठी. २००८च्या वैशाखात नीलाबाई गेल्या. तेव्हापासून सहाही किल्ल्या खिळ्यालाच असत. मार्गशीर्षातल्या जत्रेतही खोल्या भरल्या नाहीत, तर जागा कोचिंग क्लासला द्यायची असं बापलेकीत ठरलं होतं. शेवटचा उपाय म्हणून ईश्वरीने इंटरनेटवर जाहिरात दिली. कोणी 'अंबाजोगाई लॉज' शोधलं की ती दिसायची आणि तिच्यावर क्लिक झालं की पैसे कटायचे. ज्याची बोली मोठी, त्याची जाहिरात वर. एका क्लिकची बोली तिने पाच रुपये लावली होती. आता तिथे तीनशे होते.

"अप्पा, बोली तुम्ही वाढवली?"

"वाढवली. तूच सांगितलंतं ना, आपली बोली कितीबी असू दे, कटतंय ते खालच्याच्या बोलीपेक्षा जरासंच जास्त? खालचे समदे चार रुपयांवर. मग तीनशे लावले काय नि तीन हजार लावले काय, जाणार पाचच! वर मात्र आपुन."

चन्नप्पांची उमेदीची वीस वर्षं बैलबाजारात दलालीत गेली होती. रुमालाखाली बोटं दाबून त्यांनी शेकडो सौदे केले होते, पण इतक्या स्वस्तात पहिला नंबर कुठल्याच बाजारात मिळाला नव्हता. त्यांच्या हिशेबात चूकही नव्हती. तरी प्रत्येक क्लिकला तीनशे कटले होते. म्हणजे खाली कोणीतरी तीनशेला अगदी टेकून बसलं होतं.

"ही युक्ती कुणाला सांगितली का?"

"रुमालाखालचा भाव मी कवा कुणाला सांगितलाय?"

"पाशाचाचांना?"

चन्नप्पांनी उदबत्ती सरळ केली. "पाशा म्हंजे काय परका हाय व्हय?"

समोरच्या लॉजचे मालक पाशा तेवढ्यात चहाची किटली घेऊन आलेच.

"चाचा, तुमची बोली किती?"

"दोनशे नव्व्याण्णव," पाशा ऐटीत म्हणाले. "तीनशे एक लावता आले असते. पन शेठ वयानं थोरले. त्यांच्या वर कसं बसावं? म्हनून एक रुपया खाली."

"आणि तुमचे कटतात किती?"

"पाच. लई सस्तं हाय! जत्रेच्या खोल्या कवाच गेल्या."

ईश्वरीने कागदावर मांडून दाखवलं. पाशांच्या खाली चार रुपयेवाला, म्हणून पाशांना पाच. चन्नप्पांच्या खाली पाशा, म्हणून चन्नप्पांना तीनशे. पाशांनी कप खाली ठेवला.

"या अल्ला! शेठ, मी जरा उद्धट असतो तर तुमचं भलं झालं असतं."

"आता सांगतोस बे?"

"रोज दोन-तीन कुटुंबं परत लावतोय मी. उद्यापासून समदे तुमच्याकडं. बास?"

ईश्वरीचं लक्ष पडद्यावरच होतं. "पण दहा जणांनी जाहिरात उघडली आणि फोन एकानंही केला नाही? आणि सगळे क्लिक दुपारी तीनच्या आसपासचे."

"तवा तर शेठ हितं एकलेच बसल्याले असतात," पाशा म्हणाले.

दुपारी तीनला खानावळ आवरून नीलाबाई काउंटरपाशी येऊन बसत.

"आपल्याच दुकानात शिरायला पैसे पडतात, हे मला काय ठावं?" चन्नप्पा म्हणाले. "तुझ्या आईचा फोटू त्या जाहिरातीच्या पानावरच हाय. चुलीम्होरं हसतानाचा. घरात तसला एक न्हाई."

पाशांनी कपात पुन्हा चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी ईश्वरीने स्टुडिओतून तो फोटो मोठा करून आणला आणि कॉम्प्युटरशेजारी ठेवला. पाशांनी पाठवलेलं पहिलं कुटुंब रजिस्टरात नाव लिहीत होतं. चन्नप्पांनी फोटोच्या काचेला बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"ह्याला...?"

"काही कटत नाही, अप्पा."

त्यांनी बोट पुन्हा ठेवलं.