प्रेमिलाची पाटी

पोळा होऊन गेल्यावरच्या रविवारी सकाळी प्रेमिलाने हुडकेश्वरच्या पुढच्या तलावाकाठी आपल्या नव्या भोजनालयाची पाटी टांगली. तिने ‘प्रेमिला पक्षीदर्शन व भोजनालय’ असं सांगितलं होतं. पण पाटी लहान पडली, म्हणून पेंटरने ‘दर्शन व’ गाळलं आणि खाली एक गुबगुबीत बदक काढून दिलं.

“समजते लोकाइले,” प्रेमिला म्हणाली.

तिचा नवरा चंद्रभान याच तलावात मासे धरायचा. पलीकडच्या काठाची कमळं आणि लव्हाळं कापायची नाहीत, तिथे जाळंही टाकायचं नाही, पक्ष्यांना पिल्लं वाढवू द्यायची, असं कोळ्यांच्या सोसायटीने यंदा ठरवलं होतं. मासळीची तूट पक्षी पाहायला येणाऱ्या शहरी पाहुण्यांच्या जेवणावर भरून काढायची होती. नागपूरच्या कृष्णकांतांचा पक्षीप्रेमी गट आज पहिल्यांदाच येणार होता. प्रेमिलाने गावरान कोंबडीचा रस्सा आणि झुणका-भाकर करून ठेवली होती.

पण आधी आले बेसा गावचे बंटी आणि अमोल, मोटारसायकलवर. श्रावण नुकताच सुटला होता आणि त्यांनी पाटी वाचली होती.

“काकू, बदक भेटते का?” बंटीने विचारलं.

“बम आहेत, पाहिजे तितके. पिल्लांचेच दिवस आहेत ना.”

“पिल्लंबी?” अमोलच्या तोंडाला पाणी सुटलं. “ताजं आहे ना पण?”

“डोयासमोर पोहून राहिले, गा. अजून किती ताजं पाहिजे?”

“मंग आमीच निवडाचं का?”

“हे नेतात तुमाले डोंग्यात. फक्त आवाज करू नका.”

काम चोरीछुपे चालत असणार, हे दोघांनाही पटलं. ते मुकाट्याने डोंग्यात बसले आणि चंद्रभानने डोंगा कमळांकडे वळवला.

थोड्या वेळाने कृष्णकांतांची गाडी थांबली. उतरता उतरता त्यांनी पाटी वाचली आणि त्यांचा एक पाय गाडीतच राहिला. मागून आलेल्या, त्यांच्या गटातल्या हिमानीने गळ्यातल्या दुर्बिणीतून पाटी तपासली.

“बाई, इथे पक्षी खायला देता?” कृष्णकांतांनी विचारलं.

“नाही जी, दाखवतो.” प्रेमिला गोंधळली.

कृष्णकांतांनी पातेल्यावरचं झाकण उचललं. “मग हे काय?”

“कोंबडी.”

“कोंबडी असं कोणीही म्हणेल.”

त्यांनी वनखात्याला फोन लावला. हिमानीने पाटीचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. तेव्हा कुठे प्रेमिलाने वर मान करून पाटी पुन्हा वाचली: ‘प्रेमिला पक्षी भोजनालय’. एवढ्यात फिरत आलेला तो फोटो पाहून सोसायटीचे मधुकरराव फोनवर आले. “काय करून ठेवलं वं? धंदा बंद झाला तं लोकं उद्या तिकडे जाळी टाकतीन. मी कोणाकोणाले अडवू?”

सगळ्यांना ती पेंटरचं सांगत राहिली आणि कोणी ऐकेना.

वनरक्षक आला, त्याने पाटी उतरवली. “गिऱ्हाईक कुठे आहे?”

डोंगा काठाला लागतच होता. वनरक्षकाने बंटीला हाताला धरून उतरवलं. “काय खाल्लं, बोल.”

बंटीने ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोला, साहेब. तिकडे कमळाच्या पानावर एक पक्षी फिरून राहिला. बाप आहे, काका सांगत होते. पिल्लं पंखाखाली घेतली आहेत त्यानं. नुसते पाय लोंबून राहिले त्याइचे.”

“कमळपक्षी?” कृष्णकांतांच्या हातातला फोन खाली आला. या एका फोटोसाठी ते कित्येक पावसाळे चिखल तुडवत होते. “कुठे? कोणत्या बाजूला?” म्हणत ते बुटांसकट पाण्यात उतरले आणि डोंग्यात चढले.

वनरक्षकाने प्रश्न सोडला नाही. “अरे, पण खाल्लं काय?”

“काहीच नाही,” अमोल म्हणाला. “बदक खाले आलो होतो. पण त्याले पाहून ते मागाची लाज वाटली.”

कृष्णकांत दुपारी परतले ते प्रेमिलाला हात जोडूनच. गटावर त्यांनी स्वतः खुलासा लिहिला आणि पुढच्या रविवारचं जेवणही सांगून टाकलं. पंगत बसली. प्रेमिलाने बंटीपुढे रश्श्याची वाटी ठेवली. त्याने ती हळूच बाजूला सारली.

“काकू, मले झुणकाच द्या.”

“काहून गा?”

“आज नाही जमत.”

वाटी वनरक्षकाकडे गेली. ती संपली, मग आणखी एक संपली, आणि मिशा पुसत त्याने जाहीर केलं की ही कोंबडीच आहे.