पश्चिमेच्या भिंतीस अंगरखा घालण्याची मसलत

श्रीवास्तुपुरुष प्रसन्न. चार भिंतींस व त्या उभारणाऱ्या हातांस नमन असो. वर्तमान घडले ते यथास्थित लिहिले आहे, ऐकणारांनी पंखा चालू करून, स्वस्थ बसोन ऐकावे.

शालिवाहन शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र मास. ते समयी एका राज्यात, ज्याचे नाव लिहिणे प्रशस्त नाही, हेमलताबाईसाहेब राज्य करीत होत्या. राज्य म्हणजे दुमजली घर, पुढे जास्वंद, मागे नळ, आणि वरचे मजल्यावर पश्चिमेचा महाल, तेथे बाईसाहेबांची गायनशाळा. दुपार कलली की आळीतील बायका जमाव्या आणि पेटी उघडावी आणि बाईसाहेबांनी पदे शिकवावी, ऐसा नेम. बाईसाहेबांचा सारा जीव त्या शाळेत. परंतु पश्चिमेस द्वारकाबाई यांचे घर बैठे, त्याचा आडोसा नाही, म्हणोन सूर्यनारायण दोन प्रहरांपासोन अस्तापावेतो त्या एका भिंतीवरच चाल करून येत, आणि भिंत ऐसी तापे की पाठ टेकिली तर किंकाळी फोडोन उठावे. पंखा होता, तो उकळता वारा सर्वांस सारखा वाटीत असे. मग एक शिष्या घेरी येऊन पडली, दुसरीने नातवाचे निमित्त सांगितले, तिसरी निमित्त न सांगताच गेली, आणि एके दिवशी पेटीची काळी पट्टी दाबिली ती वर येईचना, एकच सूर 'ऊंऊं' करीत राहिला. तेव्हां बाईसाहेबांनी पेटी मिटली आणि डोळ्यांस पदर लाविला आणि यजमानांस बोलिल्या की, "अहो, ऊन असंच राहिलं तर शाळा बुडाली म्हणून समजा."

यजमान रघुवीरराव, नुकतेच नोकरीतून मोकळे जाहलेले, मोहिमेवाचून हात शिवशिवत होते. त्यांनी तत्काळ बाबालाल मिस्त्री यांस पाचारण केले. मिस्त्री भिंतीवर हात ठेवून, हात झटकून बोलिले, "साहेब, हिला बाहेरून अंगरखा घाला. थर्माकोलच्या फळ्या चिकटवायच्या, वरून जाळी, जाळीवर गिलावा. ऊन बाहेरच्या बाहेर परत." हे ऐकोन रघुवीररावांस हर्ष झाला तो अंगात मावेना. थर्माकोलची एक फळी नमुन्यास आणिली, ती बगलेत घेऊन आळीभर हिंडले, भाजीवाल्यास दाखविली, वाण्यास दाखविली, आणि मग गच्चीवर परीक्षा मांडिली. एक कुल्फी थर्माकोलचे डब्यात, दुसरी उघड्या ताटलीत, आणि सर्व दरबार छत्र्या घेऊन भोवती बसला. ताटलीतील कुल्फी पाहता पाहता धारातीर्थी पडली. मग डबा उघडिला, तो आतील कुल्फी जशीच्या तशी, ताठ उभी! बायकांनी टाळ्या पिटिल्या आणि रघुवीररावांनी विजयी कुल्फी भर दरबारात एकट्याने खाल्ली, त्यावरून थोडा रुसवा झाला, परंतु मसलत पक्की झाली.

मग रंगाचा विचार निघाला. रघुवीरराव म्हणत राखाडी, शिष्या म्हणत बदामी, कोणी म्हणे आकाशी. मिस्त्रींनी वरचे खिडकीतून अर्धे अंग बाहेर काढोन भिंतीवर नमुन्याचे पट्टे ओढिले. परंतु ते पहावे कोठून? बाईसाहेब खिडकीतून ओणवल्या, रघुवीररावांनी पदर घट्ट धरिला, तरी त्यांस मिस्त्रींची टोपी मात्र दिसली. ती भिंत दिसण्याची जागा सर्व पृथ्वीवर एकच, द्वारकाबाईंचे अंगण. आणि मिस्त्री बोलिले, "बाई, कामाला उभं राहायची बांबूंची परांचीही तिथंच बांधावी लागणार. तिथून परवानगी नसेल तर काम होणे नाही." तेव्हां मसलत तेथेच अडली.

कारण की दोन्ही राज्यांत कित्येक वर्षे बोलणे नव्हते. मागे एके उन्हाळ्यात द्वारकाबाईंनी अंगणात बाजेवर कुरडया वाळत घातल्या असता इकडील गच्चीवरील टाकी भरोन वाहिली आणि सगळे पाणी कुरडयांवर पडोन त्यांची खीर झाली. त्या बोलिल्या नाहीत, म्हणोन ह्या बोलिल्या नाहीत, आणि ह्या बोलिल्या नाहीत म्हणोन त्या. द्वारकाबाई वयाने वडील, एकट्या राहणार, लेक परमुलखी. ओसरीवर बसोन असत, एवढेच ठाऊक.

मग रघुवीररावांस वकिलीस पाठविले. ते फळी बगलेत घेऊन गेले, आणि पुष्कळ वेळाने आले ते तोंडात बेसनाचा लाडू धरून. बाईसाहेबांनी विचारिले, "काय झालं?" ते बोलिले, "लाडू उत्तम झालाय." "परांचीचं काय?" तेव्हां लाडू गिळोन बोलिले, "नाही म्हणाल्या. मी एवढं समजावलं, अंगरख्याचे सगळे फायदे सांगितले, तरी एकदम नाही म्हणाल्या." बाईसाहेबांस राग आला आणि त्याहून धास्ती अधिक आली, की आता शाळा खरेच जाते. रात्रभर मनाशी भांडोन, प्रातःकाळी इरकली लुगडे नेसोन, खासा स्वारी एकटीच फाटकाबाहेर निघाली. आपले फाटक ते त्यांचे फाटक, पाऊले थोडकी, परंतु पाय ऐसे जड की जणो घाट चढतात.

द्वारकाबाई ओसरीवर गवार मोडीत होत्या. वर न पाहता बोलिल्या, "परांची बांधायची नाही. सांगितलंय तुमच्या ह्यांना."

"काकू, कुरडयांचं अजून मनात आहे ना तुमच्या?"

"कुरडया गेल्या खड्ड्यात. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा घातल्या मी."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुम्ही नाही बोललात म्हणून!"

यावर बाईसाहेब पायरीवर बसल्या आणि त्यांनीही गवार मोडावयास घेतली. मग द्वारकाबाई हळूच बोलिल्या, "तुमचे हे सांगत होते, अंगरखा चढला की ऊनच काय, आवाजसुद्धा भिंतीतून जायचा नाही. फार खुशीत सांगत होते. मला एवढंच कळलं, की गाणं बंद. दुपारनंतर मी इथं बसते ती कशासाठी? वरून तुमचं गाणं येतं. तेवढा वेळ घरात कोणी आहे असं वाटतं."

बाईसाहेबांस हसू आणि रडू एकदम आले, आणि त्यांत झटापट होऊन हसू जिंकले. द्वारकाबाईंनी प्रथम डोळे वटारिले, मग त्यांसही हसू फुटले, आणि गवारीचे सूप उलटे झाले. तेवढ्यात कुंपणापलीकडून रघुवीररावांचे मस्तक वर आले आणि बोलिले, "मी म्हणतो, थर्माकोलमधून एक नळी काढू! वरून गाणं, खाली काकूंच्या कानाशी!" बाईसाहेब बोलिल्या, "तुम्ही आत जा." मस्तक खाली गेले.

"काकू, तुम्हीच वर या ना ऐकायला."

"माझे गुडघे तुमचा जिना चढतील होय?"

"मग आम्हीच येतो खाली. आठवड्यातून दोनदा शाळा इथं ओसरीवर, बाकी दिवस वर. चालेल?"

द्वारकाबाईंनी सांडलेली एक शेंग उचलोन मोडिली. मग बोलिल्या, "चालेल. पण रंग मी ठरवणार. भिंत तुझी असली तरी उठल्यापासून झोपेपर्यंत बघायची मला." 'तुझी' हा शब्द बाईसाहेबांनी ऐकिला आणि त्या मनातल्या मनात नाचल्या. येणेप्रमाणे तह झाला, परांचीस जागा मिळाली, आणि द्वारकाबाईंनी दोघींत एक लाडू फोडिला.

त्याच दुपारी सर्व शाळा, अडकलेली पट्टी सुटी केलेल्या पेटीसह, द्वारकाबाईंचे ओसरीवर उतरली. गळालेल्या शिष्याही आल्या, नातवाचे निमित्त सांगणारी तर नातवास घेऊन आली. बाईसाहेबांनी मान वर करून आपले घर त्या बाजूने प्रथमच पाहिले. पट्टे ओळीने झळकत होते. द्वारकाबाई बोलिल्या, "राखाडी? रोज उठून मी आभाळ भरून आलेलं बघू? पुसा तो. बदामी आजाऱ्यासारखा दिसतो. अबोलीचा रंग का नाही काढला?" बायका बोलिल्या, अबोलीच! रघुवीरराव "राखाडीत एक भारदस्तपणा..." ऐसे म्हणो लागले, तो कोणी पेटीचा भाता हालविला आणि बाकीचे ऐकू आले नाही. पद सुरू जाहले. द्वारकाबाई मध्येच हात वर करून बोलिल्या, "हेमलता, अंतऱ्यात तुझा गंधार दरवेळी उतरतो. कित्येक वर्षं सांगेन म्हणत होते." बाईसाहेबांनी तो पुन्हा घेतला, तो बरोबर लागला, आणि मग ऐसा हशा आणि ऐसे गाणे उसळले की रस्त्यावरील सायकली थांबल्या.

बाबालाल मिस्त्री परांचीची जागा मोजावयास आले, तो त्या जागी अंगणभर शाळा बसलेली. त्यांनी दोनदा विचारिले, "बाई, खांब कुठं रोवायचा?" कोणी ऐकेना. मग टेप खिशात घालोन तेही पायरीवर बसले आणि ताल धरिला.

एवंच, भिंत अद्याप उघडी, थर्माकोल अद्याप दुकानी, गिलावा कालवणे बाकी, आणि रंगाचा निकाल अबोलीकडे लागला. ऊन होते तेवढेच होते. शाळा मात्र वाचली, मसलत पार पडली.