सतरा नंबर आणि मिस्त्रीमामांचा अंगठा

आमच्या लग्नाचा अल्बम मिस्त्रीमामांनी पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा त्यांनी माझ्या आणि सुमनच्या तोंडावर अंगठा ठेवला. चुकून नव्हे हं, मुद्दाम. फोटोत आम्ही दोघं मुंडावळ्या बांधून, घामाघूम होऊन उभे. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, दांडी तुटलेलं भिंग डोळ्याशी नेलं, अंगठा आमच्यावर दाबला आणि म्हणाले, "माणसं लय मधी येतेत, मास्तर. मागची भिंत बघू द्या."

मग अख्खा अल्बम त्यांनी तसाच पाहिला. "ही कापसाच्या जुन्या जिनिंगची भिंत. वरून तिसरी जाळी फुटलेली हाय. गिलावा माझा न्हाई, दुसऱ्या कुणाचा तरी हाय. म्हणून तर फुगलाय." नवरी कशी दिसते, शालू कुठला, एका शब्दानं विचारलं नाही. सुमन चहा घेऊन आली होती. ती कपबशी जरा जोरातच टेकवून आत गेली आणि मला स्वयंपाकघरातून ताकीद मिळाली, "परत हा माणूस आला ना, तर नुसता चहा. बिस्किटं नाहीत."

या माणसाचं नाव मुंजाजी. येलदरी धरणाच्या कॉलनीत त्यांनी सगळी हयात गवंडीकाम केलं. गिलावा, चुना, गळती, फुटकी मोरी, सगळं त्यांच्याकडं. रिटायर झाल्यावर जिंतूरला आमच्या गल्लीत दोन खोल्यांत येऊन राहिले. सगळी गल्ली त्यांना मिस्त्रीमामा म्हणते. वय विचारलं तर म्हणतात, "धरणापेक्षा मोठा हाय, एवढं लिहा." उजव्या अंगठ्याचं नख चुन्यानं खाऊन खाऊन पार चपटं झालेलं. तोच तो अंगठा.

आता ते माझ्या घरी अल्बम कशाला बघत होते, तेही सांगतो. एके काळी आमच्या भागातली हवा खायची जागा म्हणजे येलदरी. समोर डोळे फाटतील एवढं पाणी, खाली बाग, वर रेस्ट हाऊस. नवं लग्न झालं, चला येलदरीला. पाहुणे आले, चला येलदरीला. रविवारी बागेत एक फोटोवाला तिपाई मांडून बसायचा, त्यामुळं जिंतुरातल्या घराघरात येलदरीचा एकतरी फोटो असतोच. आमच्या वाचनालयानं हे फोटो गोळा करून प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि फोटोंखाली माहिती लिहायचं काम, मराठीचा मास्तर म्हणून, माझ्या गळ्यात घातलं. फोटोंतली माणसं ज्याची त्याला माहीत. पण मागच्या इमारती कुठल्या? त्यातल्या निम्म्या आज जागेवर नाहीत. कुणीतरी म्हणालं, मिस्त्रीला विचारा. झालं. मामा रोज सकाळी दहाला हजर व्हायला लागले.

आणि काय सांगू, माणूस जबरदस्त! पन्हाळीच्या वाकावरून पंपहाऊस ओळखायचे. खिडकीच्या गजावरून दवाखाना. "ह्यो भिंतीवरचा डाग बघा. पाल मारायला कुणीतरी चप्पल फेकली होती. तीनदा चुना मारला, गेला न्हाई." एकदा एक गृहस्थ आपल्या आजोबांचा फोटो घेऊन आले. आजोबा त्या काळचे मोठे पुढारी, गळ्यात हार, समोर नारळ. मामांनी आजोबांवर अंगठा ठेवला. गृहस्थ लाल झाले. "अहो, ते आमचे आजोबा आहेत!" "असू द्या की," मामा शांतपणे म्हणाले, "त्यांच्यामागं आमचं सामानाचं गोडाऊन हाय. बारीक फोटो हाय, मातर दार सापडलं." त्या गृहस्थांना रसवंतीवर नेऊन थंड करायला मला अर्धा तास लागला.

माझ्या घरच्या फोटोलाही त्यांनी सोडलं नाही. बैठकीत माझ्या आईवडिलांचा फोटो आहे. लग्नानंतर दोघं येलदरीला गेले होते, तेव्हाचा. वडील हयातभर ते सांगायचे. मामांनी काचेवर अंगठा दाबला, दोघांना झाकलं, एक नजर टाकली आणि फटकन म्हणाले, "ही येलदरी न्हाई."

"अहो मामा, वडील सांगायचे ना."

"सांगितलं असंल. बैठी क्वार्टरं अठरा, अन् अठराही एका नकाशाची. दार उजवीकडं, मोरी डावीकडं. ह्यात दार डावीकडं हाय. असलं क्वार्टर आमी बांधलंच न्हाई. बिलकुल न्हाई."

मला ते लागलं. आईवडील दोघंही आता नाहीत; विचारायचं कुणाला? वडील थापा मारणारे नव्हते. मग सगळ्या गावाला येलदरी येलदरी करून सांगितलं ते काय? मी तो फोटो प्रदर्शनातून वगळला.

मामांची एक वही होती. त्यात अठरा क्वार्टरांचे अठरा चौकोन. जे क्वार्टर फोटोत सापडेल, त्या चौकोनात ते सुतारी पेन्सिलीनं फुली मारायचे. महिनाभरात सतरा फुल्या झाल्या. राहिलं ते सतरा नंबर. नवा फोटो आला की पहिला प्रश्न, "सतरा हाय का?" नसलं की तोंड एवढंसं व्हायचं. मला वाटायचं, म्हातारपणचा चाळा, दुसरं काय.

मग पायऱ्यांचं भांडण झालं. एका फोटोवरून एक रिटायर्ड इंजिनिअर साहेब म्हणाले, हे रेस्ट हाऊस. मामा म्हणाले, हा क्लब. "रेस्ट हाऊसला पाच पायऱ्या हायेत. ह्याला चार." साहेब म्हणाले, "मी त्या रेस्ट हाऊसात महिना काढलाय. चारच आहेत." दोघंही हटेनात. शेवटी साहेबांच्या गाडीतून आम्ही तिघं येलदरीला गेलो. मोजल्या. चार! साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मामा खाली उकिडवे बसले, एक काडी घेतली आणि पायरीच्या बुडाची माती उकरायला लागले. वीतभर खाली पाचवी पायरी निघाली. "माती चढलीय," एवढंच म्हणाले. साहेब "बरं, बरं" म्हणत चहा शोधायला निघून गेले.

आम्ही दोघं पाण्याकडं चालत गेलो. क्वार्टरांची ओळ पडून गेलेली, नुसती जोती शिल्लक, मधून बाभळी वाढलेल्या. एका जोत्यावर मामा बसले. न विचारता म्हणाले, "हे सतरा. आमचं."

मी म्हणालो, "मामा, तुमचंच घर, तुम्हाला त्याचा वाकन् वाक पाठ. मग फोटो कशाला पाहिजे एवढा?"

त्यांनी पायानं दोन खडे सारले. मग म्हणाले, "घर कुणाला पाहिजे, मास्तर. दारात गया असायची."

गया म्हणजे त्यांची बायको. मुलगी सखू दोन वर्षांची असताना ती तापानं गेली. तिचा एकही फोटो नाही. लग्नात फोटो काढायची ऐपत नव्हती आणि बागेतल्या फोटोवाल्याचं तर तिला तोंड बघायचं नव्हतं. तिनं दारापुढं शेवंती लावली होती. फोटो काढायला आलेली माणसं तिचीच फुलं तोडून हातात घ्यायची. ती दारातून ओरडायची, लोक हसायचे आणि फोटो काढून निघून जायचे.

"तवा मला वाटलं, कुणाच्या तरी फोटोत मागं आलीच असंल की. म्होरची माणसं झाकली, की मागचं दिसतं. सखू इचारते, माय कशी व्हती? म्या म्हणायचो, तुझ्यावाणी. पण खरं सांगू का? त्या भिंतीचा एकेक पोपडा ध्यानात हाय, अन् तिचं तोंड निसटायलंय. इतकं बघितलेलं तोंड, मास्तर. निसटायलंय."

 चाळा म्हणालो होतो ना मी! स्वतःचीच लाज वाटली.

त्यानंतर आठवडाभर मी गावात दारोदार फिरलो. सतरा नंबर काही मिळालं नाही. प्रदर्शन दिवाळीनंतर होतं, आणि आमच्या घरात साफसफाई निघाली. सुमन घरी शिलाई करते. ब्लाऊज, शाळेचे शर्ट, सगळं. आईवडिलांचा फोटो पुसता पुसता ती थबकली.

"अहो, इकडं या जरा. मामंजींच्या शर्टाला खिसा उजवीकडं कसा?"

"असेल तसा. जुनी फॅशन."

"फॅशन कसली डोंबलाची! बटणपट्टीपण उलटी आहे. असा शर्ट कुठला शिंपी शिवत नसतो. आणि आईंचा पदर बघा, उजव्या खांद्यावर. येलदरीला जाताना दोघांनीही कपडे उलटे घातले होते का?"

मी फोटोकडं बघतच राहिलो. मग तो उचलून कपाटाच्या आरशापुढं धरला. खिसा छातीच्या डाव्या बाजूला गेला. पदर डाव्या खांद्यावर गेला. आणि मागचं दार गेलं उजवीकडं! अहो, फोटोवाल्यानं निगेटिव्हची काच उलटी ठेवून फोटो छापला होता. माझ्या वडिलांनी खोटं सांगितलं नव्हतं. छातीवरचं मणभर ओझं उतरलं. आणि दुसऱ्याच क्षणी मी एका हातात फोटो, दुसऱ्या हातात सुमनचा आरसा घेऊन अनवाणीच गल्लीत पळत सुटलो.

मामा ओसरीवर बसले होते. मी आरसा भिंतीला टेकवला, समोर फोटो धरला. सवयीनं त्यांचा अंगठा पुढं आला. मी त्यांचं मनगटच धरलं. "मामा, अंगठा नको. आज माणसं बघायची."

त्यांनी भिंग लावलं. दार उजवीकडं. मोरी डावीकडं. आणि आईच्या खांद्याला लागून, त्या दिवशी नेमका जिथं अंगठा दाबला होता तिथंच, दारात एक बाई उभी होती. ज्वारीच्या दाण्याएवढं तोंड. एक हात कमरेवर, दुसरा वर उगारलेला.

मामांनी भिंग आरशाच्या आणखी जवळ नेलं.  मग एकदम हसले, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि हे हसतायत. "शिव्या द्यायलीय, मास्तर! बघा की, शिव्या द्यायलीय! तुमच्या मायच्या हातात काय हाय, बघा."

आईच्या हातात शेवंतीची चार फुलं होती. चोरीचा माल म्हणजे रंगेहाथ पकडला गेला. माझ्या जन्माच्याही आधी माझ्या आईनं गयाबाईंची फुलं तोडली म्हणून गयाबाई दारात आल्या, आणि दारात आल्या म्हणून फोटोत आल्या. त्याबद्दल आईला काय बोलावं, मला अजून कळत नाही.

"नाक असंच व्हतं," मामा म्हणत होते. "अन् कपाळ. हां. असंच व्हतं. आता आलं ध्यानात सगळं."

दुसऱ्या दिवशी सखू आली. देवगाव फाट्यावर तिचं आणि नवऱ्याचं चहाचं हॉटेल आहे. आम्ही फोटो सुलटा आणि मोठा करून आणला होता. मोठा केल्यावर तोंड जरा पुसट झालं, पण उगारलेला हात अगदी ठळक. सखूनं पदर तोंडाशी नेला आणि म्हणाली, "बाबा, असा हात तर मी करते, उधारीवाल्यांवर."

"तेच तर म्हणायलो इतकी वर्षं," मामा म्हणाले. "तुझ्यावाणी."

प्रदर्शनात त्या फोटोखाली काय लिहायचं ते मामांनीच सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी इमारतीच्या आधी माणसांची नावं घेतली: म्होरं मास्तरचे मायबाप, दारात गया. घर कुठलं ते लिहायचं राहिलंच होतं, मीच आठवण केली. वहीतल्या अठराव्या फुलीचंही तसंच. ती त्यांनी मारली का, मी विचारलं नाही.

प्रदर्शन आटोपलं. पुढच्या सोमवारी सकाळी दहाला मामा आमच्या दारात. आता कसलं काम, मला कळेना. खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि आत बघून हाक मारली, "सूनबाई, त्यो लग्नाचा अल्बम आण गं. त्या दिवशी तुमाला बघायचं राह्यलं."

सुमननं अल्बम आणून दिला आणि तिथंच उभी राहिली. मामांनी पहिलं पान उघडलं. खूप वेळ पाहिलं. "लय छान दिसायलीस, पोरी," म्हणाले. अंगठा त्यांनी मुठीत घट्ट धरून ठेवला होता. सुमन आत जाऊन बिस्किटांचा पुडा घेऊन आली.