शांताकाकू : ५० टक्के, स्थिर

राग यायच्या अर्धा तास आधी शिट्टी वाजवणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. जिंतुरात आमच्या आणि विश्वनाथआप्पांच्या घरात एकच भिंत आहे, आणि शिट्टीपुढे ती काही कामाची नाही.

आप्पांनी अख्खी नोकरी येलदरीच्या धरणावर दरवाजे उघडण्यात काढली. दरवाजा उघडायचा तर आधी भोंगा, मग खालच्या गावांना निरोप आणि मगच पाणी. निवृत्त झाल्यावर हा कायदा त्यांनी घरी आणला. एक लांब शिट्टी वाजली की समजायचं, आप्पांना राग येऊ घातलाय. मग शांताकाकू, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, काचेचं सामान उचलून मुकाट्यानं माझ्याकडे आणून ठेवायच्या. बरोबर अर्ध्या तासानं आप्पा अंगणात उभे राहून ओरडायचे. बऱ्याचदा तोवर राग कशाचा होता हेच त्यांच्या लक्षात नसायचं, तरी ओरडायचे. मी एकदा कारण विचारलं.

"इशारा दिलाय ना मॅडम," ते म्हणाले, "दिल्यावर सोडावंच लागतंय. नसता लोकांचा भरोसा उडतोय."

कारण अगदीच आठवलं नाही तर ते सोयाबीनच्या भावावर ओरडून घ्यायचे. स्वतःची एक गुंठाही जमीन नसताना.

दाराशेजारी एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर रोज सकाळी आंघोळ, लिंगपूजा उरकली की आप्पा खडूनं लिहायचे, "आप्पा : ६० टक्के. आवक मध्यम. विसर्ग नाही." आवक म्हणजे मनात येणारं, विसर्ग म्हणजे बाहेर पडणारं. दूधवाला ती वाचल्याशिवाय कडीला हात लावत नसे. त्यांचे थोरले भाऊ वारले तेव्हा पाटीवर "१०० टक्के" होतं आणि विसर्गापुढे "नाही". दोन आठवडे तो आकडा हलला नाही. भेटायला येणाऱ्यांना आप्पा हात जोडून सांगत होते की परिस्थिती नियंत्रणात हाय. मला त्या दिवसांत त्यांची फार काळजी वाटली, पण विचारणार कसं? पाटीवर सगळं लिहिलेलंच होतं.

इतरांनाही "कसे आहात" न विचारता ते "किती भरलंय?" विचारत. आमचे हे "चाळीस" म्हणून सुटका करून घेत. माझ्याशी हे तेवढंही बोलत नाहीत, पण तो विषय वेगळा.

पाटीवर दुसरी ओळ काकूंची. "शांता : ५० टक्के, स्थिर." वर्षानुवर्षं हीच. गंमत म्हणजे आप्पा ती काकूंना न विचारताच लिहायचे. मी हटकलं तेव्हा म्हणाले, इतक्या वर्षांचा अनुभव हाय, नजरेनंच अंदाज येतोय. काकू आतून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि आप्पांचा अंदाज आणखी पक्का झाला.

यंदा पोळ्यानंतर काकूंची धाकटी बहीण गेली. माती देऊन काकू परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी अंगण झाडता झाडता पाटीपाशी थांबल्या. "शांता : ५० टक्के, स्थिर." त्यांनी झाडू भिंतीला टेकवला, दोन लुगडी पिशवीत भरली आणि सोनपेठला भावाकडे निघाल्या. जाताना माझ्या दारात थांबून एवढंच सांगितलं की त्यांनी स्वतः यावं आणि तोंडानं बोलावं. लिहून काही पाठवू नये. नाहीतर मी परत येत नसते.

मी निरोप पोचवला, आणि आप्पांनी अर्थातच लिहून पाठवलं. पहिल्या कागदावर "विनाविलंब परत यावे" होतं, दुसऱ्यावर "स्मरणपत्र", तिसऱ्यावर "अंतिम स्मरणपत्र". उत्तर एकाचंही नाही. पंधरा दिवसांत माणूस निम्मा झाला. शिट्टी बंद पडली. पाटीवर "आकडा उपलब्ध नाही" असं आलं. खरं तर मला शांत झोप लागायला हवी होती. ती काही लागली नाही, आणि त्याचाच मला राग यायला लागला.

एका रविवारी मी आप्पांना जवळजवळ ओढतच एसटी स्टँडवर नेलं. परभणीपर्यंत ते पुटपुटत पाठ करत होते, "विषय, परत येण्याबाबत." विषय-बिषय काही नको, बायको आहे ती, असं मी सांगितलं. मग थेट सोनपेठ येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत बसले.

काकू भावाच्या ओसरीत ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि पुन्हा सूप हातात घेतलं. आप्पांनी खिशातून घडी केलेला कागद काढला तशा काकू उठायला लागल्या. मी तो कागद आप्पांच्या हातातून काढून घेतला, तेव्हा काकू पुन्हा टेकल्या. माझ्या धिटाईचं मलाच नवल वाटलं.

आप्पांचे हात एकदम रिकामे झाले. ते त्या हातांकडेच बघत राहिले.

"तू गेल्यापून मला घरात भ्या वाटायलंय," ते म्हणाले.

"कशाचं?"

"ते न्हाई सांगता येत. धरणावर बी वाटायचं. तवा बी कुणाला सांगितलं न्हाई."

काकूंचे हात थांबले. एवढा संसार झाला, पण ही बातमी त्यांना नवीन होती. आप्पा जरा पुढे सरकले.

"तुला काय पायजे, शांते?"

काकूंचे डोळे भरून आले, आणि त्या चक्क गोंधळल्या.

"मला ठावं न्हाई," त्या म्हणाल्या. "कुणी इचारलंच न्हाई कदी. आठवावं लागंल."

"आठव. मी बसतो."

परतीची शेवटची गाडी पाचला होती. मी आप्पांना तसं सांगितलं, तर त्यांनी तुमी व्हा पुढं म्हणून हात केला. काकूंच्या भावजयीनं आणखी एक सूप आणून त्यांच्यापुढे ठेवलं. मी निघाले तेव्हा दोघं समोरासमोर ज्वारी निवडत बसली होती. मधूनच काकू मान वर करायच्या, काहीतरी आठवल्यासारखं करायच्या आणि नाही म्हणून मान हलवायच्या. आप्पा दर वेळी हातातली ज्वारी खाली ठेवून त्यांच्याकडे बघत थांबायचे.