तळ्याकाठी घरचीच माणसं

'कॅम्प' हा शब्द रामकिसननानांच्या चांगला ओळखीचा होता. डोळे तपासणीचा कॅम्प त्यांनी पाहिला होता, रक्तदानाचा पाहिला होता, आणि गुरांच्या लसीकरणाच्या कॅम्पात एकदा शेजाऱ्याच्या बैलाची लाथही खाल्ली होती. त्यामुळे पुण्याहून मुलगा आदिनाथ फोनवर म्हणाला, "बाबा, इकडं लोक तळ्याकाठी कॅम्पिंगला जातात, तंबूत राहतात," तेव्हा आजारी कोणीच नसताना कॅम्प कशाचा, हे त्यांना उमगेना. उमगलं तेव्हा मात्र त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"मंग इकडंच या की," ते म्हणाले. "तळं आपल्याकडंबी हाये. शनिवारी-रविवारी समदे या. तंबूचं मी बघतो."

नाना अंकुशनगरच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. निवृत्त झाल्यावर जवळच आपल्या मूळ गावी, तीर्थपुरीला, दोन खोल्यांचं घर बांधलं, दारात मोगरा लावला, आणि आता दोघं नवरा-बायको निवांत राहू असं ठरवलं. तेवढ्यात सून बाळंत झाली. नंदाबाई चाळीस दिवसांसाठी म्हणून पुण्याला गेल्या, त्याला अकरा महिने झाले. सून कामावर रुजू झाली, बाळ रांगायला लागलं, आणि नंदाबाई रोज फोनवर विचारू लागल्या, "जेवलात का?" नाना म्हणत, "जेवलो." एवढ्यावर संसार चालला होता. घरात दुसरा बोलणारा म्हणजे कुकर, आणि एका माणसाच्या भाताला तोही दोनच शिट्ट्या बोलून गप्प बसे.

त्या रात्री नानांनी कागद घेतला. चटया सहा. हुरडा. शेंगदाण्याची चटणी, गूळ. बाळाला मच्छरदाणी. नंदाचा जाड स्वेटर. स्वेटर त्यांनी सकाळीच उन्हात टाकला आणि मंडपवाल्या भुजंगला फोन लावला.

"भुजंग, शनिवारी सकाळी तळ्याच्या काठी एक तंबू टाकायचाय."

भुजंगनं आधी तारीख लिहून घेतली. मग भुजंगनं हळूच विचारलं, "कोणाचा, नाना?"

"आमचाच. घरचीच माणसं. पोरं पुण्याहून येऊन राह्यलेत."

"अन् काकू?"

नानांना एकदम भरून आलं. "तिच्यासाठीच तर करून राह्यलो सगळं. तिच्याबिगर घर खायला उठतं रे."

"बराबर हाये, नाना." भुजंगनं मागं लावलेलं गाणं बंद केलं.

"अन् लायटिंग, बाजा, असलं काही नको. शांततेत झालं पायजे."

"बिलकुल. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. बाकीचं सगळं माझ्याकडं लागलं."

बाकीचं म्हणजे काय, हे नानांनी विचारलं नाही. पोरगा मायाळू आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं.

त्यानंतर गावच मायाळू झालं. अकरा महिने ज्या चतुराबाईनं कुंपणापलीकडून साधं 'काय चाललंय' विचारलं नव्हतं, तिनं भाकरी आणि पिठलं झाकून आणून दिलं. शाळासोबती रखमाजी संध्याकाळी आला, अर्धा तास ओट्यावर नुसता बसला, आणि उठताना नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तयारी झाली का?"

"झाली. आता फक्त शनिवार."

"आम्ही समदे आहोत," रखमाजी म्हणाला.

नानांना बरं वाटलं. घरच्यांच्या कॅम्पला हा कशाला, असाही प्रश्न पडला, पण हुरडा भरपूर सांगितला होता.

शुक्रवारी संध्याकाळी आदिनाथचा फोन आला. ऑफिसात काहीतरी अडकलं होतं, बाळाला खोकला होता, पुढच्या महिन्यात नक्की बघू. मागून नंदाबाईंचा आवाज आला, "एवढ्या थंडीत लेकराला कुठं तळ्यावर नेऊन राह्यले? काही कळतं का?" नाना म्हणाले, "बराबर हाये. तब्येत आधी." फोन ठेवून ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. भुजंगला नको म्हणून सांगायचं होतं, पण जीभ उचलेना. त्या दिवशी त्यांनी कुकर लावलाच नाही.

शनिवारी सकाळी, निदान तोंडानं तरी सांगून येऊ म्हणून नाना तळ्यावर गेले. पाहतात तर काठावर पांढरा मंडप, खाली सतरंज्या, आणि सतरंज्यांवर पन्नास-साठ माणसं मान खाली घालून बसलेली. एका बाजूला न्हावी वस्तऱ्याला धार लावत होता. गावात लग्नाचा मंडप दारात पडतो, सप्त्याचा देवळापुढं पडतो. तळ्याच्या काठी मंडप एकाच कामाला पडतो, ते म्हणजे दहाव्याला. कोणाचा तरी दहावा आणि आपला कॅम्प एकाच दिवशी आला, या विचारानं नाना ओशाळले. चपला काढून ते गुपचूप मागच्या रांगेत रखमाजीजवळ बसले.

"कोण गेलं रे?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

रखमाजीनं त्यांच्याकडं पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "असं करू नको, रामकिसन. सावर."

दोघा-तिघांनी नानांना धरून पुढं नेऊन बसवलं. समोर कापड दुकानवाले राधेश्याम माईक हातात घेऊन उभे होते. "नंदाबाईंनी पंचवीस वर्षं आमच्या दुकानात साड्या पाहिल्या," ते सद्गदित होऊन म्हणाले. "घेतल्या कमी. पण एवढ्या जिव्हाळ्यानं साडी पाहणारं माणूस आता गावात राहिलं नाही."

नानांना आधी वाटलं, दुसरी कोणी नंदाबाई असेल. मग मंडपाच्या खांबाला लावलेला फोटो दिसला. आदिनाथच्या लग्नातला. त्यात शेजारी ते स्वतःही होते, तेवढा भाग कापून टाकला होता.

"अरे, ती जिवंत हाये!" नाना ताडकन उठले.

"आमच्या मनात जिवंतच हाये," रखमाजीनं त्यांना खाली बसवलं.

"काल बोल्लोय मी तिच्याशी!"

"माझी आईबी गेल्यावर माझ्याशी बोल्ली व्हती," चतुराबाई हुंदके देत म्हणाली.

नानांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलेना. दुसऱ्यांदाही नाही. काल बोलणं झालंय हे पक्कं ठाऊक असूनही नंदाशिवायचं उरलेलं आयुष्य त्यांना दिसलं, आणि ते हुबेहूब गेल्या अकरा महिन्यांसारखंच होतं. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी घाईत स्पीकर चालू केला.

"अहो, लेकरू झोपवून राह्यले. कामून फोनवर फोन?"

"नंदा, तू बरी हायेस ना?"

"मला काय धाड भरलीय?"

मंडपातल्या सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. चतुराबाईनं डोळ्यांना लावलेला पदर काढला, आणि काढल्यावर पुढं काय करावं ते न कळून परत लावला. भुजंग खांबामागं सरकला.

नानांनी तंबूपासून साड्यांपर्यंत सगळं सांगितलं आणि बोलणी खायच्या तयारीनं डोळे मिटले. पलीकडून आवाज आला, "किती माणूस हाये?"

"पन्नासच्या वर."

"चतुराबाई आलीय?"

"आलीय."

"रडली का?"

"रडली."

"अन् तुम्ही काय बोल्ले माझ्याबद्दल?"

"माझी बारी यायची व्हती अजून."

"मंग बोला. ऐकून राह्यले."

राधेश्यामनी माईक पुढं केला. नानांनी जन्मात कधी माईक धरला नव्हता. "नंदा रोज इचारते, जेवलात का," ते म्हणाले. "मी जेवलो म्हणतो. निम्म्या वेळा खोटं असतं ते. एकट्याचं ताट घ्यायला नको वाटतं. लई एकटं पडल्यासारखं झालंय मला. करमत न्हाई." आणखी काही सुचेना, तेव्हा त्यांनी माईक खाली ठेवला.

फोनमधून बाळाच्या खोकल्याचा आवाज आला.

"हे मला कामून न्हाई सांगितलं?" नंदाबाई म्हणाल्या. 

"तू तिकडं कामात."

"आज दहावा, म्हणजे तेरावा मंगळवारी. आज रात्रीच्या गाडीनं निघते. तेरावा होईपर्यंत राहते, तोवर पोरगा-सून सांभाळतील आपलं लेकरू. मंग मात्र जावं लागंल, सांगून ठेवते."

फोन बंद झाला. माणसं आधी चाचरत, मग मोकळेपणानं हसली. सांगून ठेवलेला हुरडा सगळ्यांना पुरला. न्हावी आलाच होता, त्यानं चौघांच्या दाढ्या केल्या. भुजंग कान धरून पुढं आला, "चुकलं माझं, नाना. मंडप सोडून घेतो."

"थांब जरा," नाना म्हणाले. त्यांनी रखमाजीला पाण्याच्या कडेला बाजूला घेतलं आणि आवाज खाली केला. "रखमाजी, तेराव्यानंतर काय असतं रे?"

"मंग मासिक."

"ते कधी असतं?"

"दर महिन्याला. वर्ष भरेस्तोवर."

नानांनी बोटांवर महिने मोजले. मग भुजंगला हाक मारून त्यांनी पुढच्या महिन्याची तारीख आत्ताच लिहून घ्यायला सांगितली.