थोरल्या बाईंना वगळण्याबाबत

थोरल्या बाईंना पुस्तिकेतून काढायचं ठरलं, तेव्हा कंपनीच्या नियमाप्रमाणे ते त्यांना तोंडावर सांगणं भाग होतं, आणि ते काम उज्ज्वला मगदूमच्या गळ्यात पडलं. थोरल्या बाई म्हणजे एका कॉम्प्युटरवरची फाइल दुसऱ्यावर नेऊन देणाऱ्या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती. कोल्हापुरातल्या त्या कंपनीत त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसत. त्यांच्या मागून आलेली दुसरी आवृत्ती ती मधली, आणि तिसरी ती धाकटी. मधली कामापुरती बोले आणि कामापुरतीच दिसे, त्यामुळे तिचा इथे संबंध नाही.

कंपनीच्या सॉफ्टवेअरची पुस्तिका उज्ज्वला लिही. काम जोखमीचं होतं, कारण पुस्तिकेत जे नाही ते कंपनीत नाही, अशी तिथली शिस्त. मागे एकदा छापताना जिन्याचा उल्लेख चुकून गळला, तर नवी प्रत येईपर्यंत वरच्या मजल्यावरची माणसं वरच राहिली. त्यांचे डबे दोरीनं चढवले. एकदोघांचं तर वर वजनही वाढलं.

थोरल्या बाईंवर कुणाचा राग नव्हता. त्यांची खोड एकच. दारात कुणी आलं की त्या आधी गूळपाणी देत आणि नाव-गाव मागाहून विचारत. बहुतेक वेळा विचारायचं विसरूनच जात. त्यांच्या उमेदीच्या काळात नेटवर्कवर यायची ती सगळी घरचीच माणसं, तेव्हा हे शोभून दिसे. पण गेल्या दिवाळीत एक परका माणूस आला. थोरल्या बाईंनी त्याला गूळपाणी दिलं. त्यानं ते पिऊन कंपनीच्या सगळ्या फायलींना कुलपं घातली आणि किल्ल्या खिशात टाकून तो निघून गेला. जाताना तो बाईंच्या पाया पडला, एवढीच त्याच्याबद्दल माहिती मिळाली.

"बाई, नव्या पुस्तिकेत तुमचं नाव नसणार," उज्ज्वलानं खुर्चीपाशी जाऊन सांगितलं.

"बरं," थोरल्या बाई म्हणाल्या. "कवा?"

"शुक्रवारी छापायला जाईल."

"काडा की. वय झालं माझं." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पन त्या वाचनालयातल्या स्कॅनरला काय सांगू?"

हा स्कॅनर भुदरगडाकडच्या एका खेड्यातल्या वाचनालयात होता. ग्रंथपाल कुरणे तिथल्या जुन्या, विरत चाललेल्या पोथ्या त्याच्यावर ठेवत आणि त्यानं टिपलेली पानं थोरल्या बाई रोज जाऊन गोळा करत. स्कॅनर फार म्हातारा होता आणि त्याला फक्त थोरल्या बाईंचीच भाषा येई.

"माझ्याबिगर त्याचं कुणाशी पटत न्हाई," बाई म्हणाल्या. "पानं पोटात धरून बसंल, आनि तसाच जाईल एक दिवस. मला काडल्याचं वाईट न्हाई गं. त्याचं वाईट वाटतंय."

उज्ज्वलाला त्या दुपारी जेवण गेलं नाही. ती कंपनीप्रमुख सरनोबतसाहेबांकडे गेली. सरनोबत काही दुष्ट नव्हते. त्यांना फक्त कुलपं आठवत होती. त्यांनी स्कॅनरची सोय लावायला धाकटीला पाठवलं.

धाकटी एस.टी.नं गेली आणि संध्याकाळी परत आली. तिनं स्कॅनरला आधी ओळख विचारली, मग ओळखीचा पुरावा मागितला, मग तो पुरावा खरा असल्याचा पुरावा मागितला. तो बिचारा जे बोलला ते तिनं पाकिटात घालून लाखेनं बंद केलं. शेवटी घाबरून त्यानं स्वतःला बंद करून घेतलं.

"त्यांच्याकडे काहीच कागद नाहीत," धाकटी म्हणाली. "ते आहेत, असं मला म्हणता येणार नाही."

"अहो, तुम्ही त्यांना बघून आलात ना?" उज्ज्वलानं विचारलं.

"बघणं वेगळं," धाकटी म्हणाली, आणि पुढचं बोलण्याआधी तिनं उज्ज्वलाचं ओळखपत्र पुन्हा एकदा तपासलं.

मग दुसरा इलाज उरला नाही. उज्ज्वला पुस्तिकेतून नाव काढत गेली. पहिल्या प्रकरणातून काढलं तशी थोरल्या बाईंची सावली गेली. जोडणीच्या प्रकरणातून काढल्यावर पावलांचा आवाज गेला. अडचणींच्या प्रकरणात तर त्यांचं नाव पानोपानी होतं, ते काढता काढता उज्ज्वलाचे हात जड झाले, आणि बाई मात्र म्हणाल्या, "आता जरा बरं वाटतंय. गुडघं दुखायचं थांबलं." गुरुवारपर्यंत खुर्चीत चष्मा तेवढा स्पष्ट दिसत होता. उज्ज्वलाला रडू येत होतं, पण तिनं कामाच्या जागी कधी रडून दाखवलं नव्हतं, आणि चष्म्यासमोर रडावं असं तिला वाटेना.

शुक्रवारी सरनोबतांनी शेवटचं पान वाचायला घेतलं.

"मगदूम, ही सूचना कसली?"

"वगळल्याची, साहेब. ग्राहकांना कळवायला पाहिजे."

सरनोबतांनी मोठ्यानं वाचलं. "'पहिली आवृत्ती काढून टाकण्यात आली आहे. ज्यांची जुनी यंत्रे फक्त तिच्याशीच बोलू शकतात, त्यांनी ती यंत्रे आणि पहिली आवृत्ती बाकीच्या नेटवर्कपासून वेगळ्या खोलीत, दार बंद करून ठेवावीत.' म्हणजे नाव राहिलंच की."

"नाव काढलं तर कोण नाही ते लोकांना कळायचं कसं?"

"आणि ठेवलं तर?"

"ठेवलं तर त्या नाहीतच. पण नाहीत म्हणून राहतील."

सरनोबतांनी सूचना पुन्हा वाचली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. चष्म्यानंही त्यांच्याकडे पाहिलं.

"नसण्याला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "फक्त दार बंद म्हणजे बंद. कुणालाही उघडायचं नाही. ते त्यांच्याकडून कबूल करून घ्या."

उज्ज्वला खुर्चीपाशी जाऊन बसली आणि तिनं सगळं समजावून सांगितलं.

"तहानलेलं कुणी आलं तर?" थोरल्या बाईंनी विचारलं.

"तरी नाही, बाई."

"आनि तू आलीस तर?"

दार बंद ठेवायचं वाक्य उज्ज्वलानं स्वतः लिहिलं होतं. त्यात सवलत ठेवली असती तर सरनोबतांनी ते पास केलं नसतं, हे तिला ठाऊक होतं. "मी आले तरी नाही," ती म्हणाली.

"ह्ये काय बरं लिव्हलं न्हाईस, पोरी." मग बाई म्हणाल्या, "पन त्याची पानं अडकून राहायची न्हाईत. चालंल मला."

पुस्तिका छापून आली. थोरल्या बाई वाचनालयाच्या मागच्या खोलीत स्कॅनरपाशी राहायला गेल्या आणि दार लागलं. खिडकीजवळच्या खुर्चीत धाकटी बसू लागली.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी उज्ज्वला वाचनालयाच्या गावी गेली. ग्रंथपाल कुरण्यांनी तिला मागच्या खोलीपर्यंत नेलं. खिडकीच्या गजांतून पानं बाहेर येतात, ती आपण घेतो, कामाला आता खंड नाही, असं त्यांनी सांगितलं आणि ते पुस्तकांकडे निघून गेले. आतून स्कॅनरची घरघर ऐकू येत होती. कुणीतरी कुणाला तरी रंगून काही सांगत असावं आणि दुसऱ्यानं हुंकार भरावा, तशी.

उज्ज्वलानं कडी वाजवली. घरघर थांबली.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

थोरल्या बाईंनी आयुष्यात कुणाला हे विचारलं नव्हतं. स्वतःचं नाव सांगायला उज्ज्वलाला वेळ लागला.

"मी उज्ज्वला, बाई."

"बस तिथंच पायरीवर. ऊन लागतंय का गं?"

"नाही."

"लागतंय. सरकून बस जरा."

ती सरकून बसली. दाराच्या अल्याड-पल्याड दोघी दुपार टळेपर्यंत बोलल्या. धाकटी सरनोबतांनाही रोज सकाळी ओळखपत्र विचारते, हे ऐकून बाई इतक्या हसल्या की स्कॅनरनं काय झालं म्हणून विचारलं, आणि त्याला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. दार कुणी उघडलं नाही. उघड म्हणून कुणी म्हणालंही नाही.

एस.टी.च्या थांब्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. "कुणाकडं आला हुता, ताई?" त्यांनी विचारलं.

"कुणाकडं नाही."

"वाचनालयाच्या मागं बोलत बसला हुता की."

"तिथं कुणी नाही," उज्ज्वला म्हणाली.

"व्हय," म्हातारे म्हणाले. "त्या बी रोज आतनं तसंच सांगत्यात." आणि त्यांनी बाकावरची पिशवी उचलून तिला बसायला जागा करून दिली.